काच निवेपर्यंत

९ जानेवारी

प्रिय आत्या,

सा. न. (ही दोन अक्षरं कशासाठी लिहितात ते आत्ताच आईला फोन करून विचारलं. ती आधी हसली, मग म्हणाली, ‘साष्टांग नमस्कार रे बाबा! आणि घालायचा तर पुरता घाल, तुझ्या इतर कामांसारखा अर्धवट नको.’)

तुझं वाढदिवसाचं पत्र मिळालं. पाकीट फोडायला एकोणीस दिवस लागले, रागावू नकोस. फोन दर दोन मिनिटांनी वाजतो, पाकीट वाजत नाही. ते बिचारं चपलांच्या कपाटावर पडून राहिलं.

माझं काम तुला माहीतच आहे. मागवलेली वस्तू दहा मिनिटांत दारात आणून देणारी आमची कंपनी, आणि सामान पोचवणाऱ्यांनी कुठल्या रस्त्यानं जायचं ते आखणारा मी. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ असतं. दहाच्या पुढे गेलं की ते लाल होतं.

परवा खोलीतला बल्ब गेला. आमच्याच कंपनीकडून मागवला. दहाची अकरा झाली, बारा झाली, चौदाव्या मिनिटाला बेल वाजली. मी दार उघडलं ते तोंड सोडायच्या तयारीनंच. समोर बाबांच्या वयाचा माणूस. लिफ्ट बंद, पाच मजले चढून धापा टाकणारा. मग हात जोडून म्हणाला, ‘चार मिनिटं माफ करा, साहेब.’ आणि आत्या, तो रस्ता मीच आखलेला होता. त्यात जिने धरलेलेच नव्हते.

बल्ब लावला, पण त्या उजेडात बसवेना. मला स्वतःची लाज वाटली, अगदी खरी. मी असा कधी झालो? पुस्तकाची दोन पानं वाचून होत नाहीत माझी. सिनेमाही पुढे ढकलत पाहतो.

तेव्हा मला काहीतरी हातानं करायचंय, ज्याला वेळ लागतो असं. तू दुर्बिणीचे आरसे घासतेस, तसा एक मला शिकव. नेटवर एक व्हिडिओ पाहिला, ‘आठ मिनिटांत आरसा’. दुप्पट वेगानं पाहिला, म्हणजे चारच मिनिटं लागली. फार अवघड वाटलं नाही.

तुझा,
फुलबाजा


२० जानेवारी

चि. फुलबाजास, आशीर्वाद. (मी पुरते दिलेत.)

अवघड वाटलं नाही म्हणे! पी हळद आणि हो गोरी. अरे, तुला फुलबाजा हे नाव मी सहाव्या वर्षी ठेवलं ते उगाच नाही. पेटलास की चार घरं उजळतात, आणि कोणी ‘अरे बघा’ म्हणेपर्यंत हातात काळी तार. तुझ्या माळ्यावर काय काय आहे ते वहिनीनं मला सांगितलंय: गिटार, दोन बासऱ्या, पळायचे बूट, कुठल्याशा परक्या भाषेचं पुस्तक, ज्याच्या एकोणिसाव्या पानापर्यंत पेन्सिलीच्या खुणा आहेत आणि पुढे पान कोरं. आता तिथे काच ठेवायला जागा कर.

पण ती जिन्याची गोष्ट तू लिहिलीस म्हणून सामान पाठवतेय. तेवढं लिहिलं नसतंस, तर तुला वाटेला लावलं असतं.

खोक्यात सहा इंची दोन काचा आहेत, पोळपाटासारख्या जाड. एक उंच स्टुलावर पक्की बसव. तिच्यावर चिमूटभर भरड पूड, थोडं पाणी, त्यावर दुसरी काच. घास. दहा वेळा पुढे-मागे, मग स्टुलाभोवती एक पाऊल सरक, वरची काच किंचित फिरव, पुन्हा दहा. घासता घासता वरची काच खोलगट होते, वाटीच्या तळासारखी. खालची फुगते. असं का ते विचारू नकोस, होतं. पुडीचे सहा डबे आहेत, भरड ते मैद्यासारखी. मग राळेवर तांबडी पूड घालून चकाकी. मग तपासणी: भोक पाडलेल्या डब्यात बल्ब, दाढीचं ब्लेड, दहा फुटांवर काच. ब्लेडच्या कडेनं पाहिलंस की काचेवर सावल्या दिसतात. केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढा उंचवटा असला तरी तो टेकडीसारखा दिसतो.

आता एकच नियम, आणि हा मोडलास तर माझं नाव सांगू नकोस. गरम काच तपासायची नाही. घासताना तुझ्या हाताची ऊब काचेत उतरते आणि ती फुगते. ती निवेपर्यंत जे दिसतं ते सगळं खोटं. खात्री करायची असेल तर थंड काचेवर अर्धा मिनिट अंगठा दाबून ठेव आणि मग ब्लेडमागून बघ. गळू आल्यासारखा फुगवटा दिसेल. हात न लावता बस, तो आपोआप बसतो. या धंद्यातले निम्मे आरसे हातांनी नाही, घाईनं बिघडतात. नसलेलं गळू कापायला जातात आणि खड्डा करून ठेवतात.

आणखी एक. मी एक्केचाळीस आरसे केले, शाळांना दिले, हौशी मंडळींना दिले. माझ्या घरी एकही नाही. दुर्बिणीची नळी सुताराकडून करून घेतली त्याला नऊ वर्षं झाली. हल्ली तिच्यात छत्र्या ठेवते. तेव्हा तू करशील तो आरसा माझा. त्यातून एकदा चंद्र बघेन म्हणते.

फोन करायचा नाही. फोनवर तू ‘हो हो’ म्हणतोस आणि अंगठ्याचं चित्र पाठवतोस. जे होईल ते कागदावर लिही. मला घाई नाही.

तुझी,
आत्या


१४ फेब्रुवारी

प्रिय आत्या, सा. न.

आधी खालच्या मजल्यावरच्यांची तक्रार: ‘तुमच्याकडे रोज संध्याकाळी रस्ता खणतात का?’ पहिल्या डब्याचा आवाजच तसा आहे. पण नऊ-दहा मिनिटांनी दाणे चुरडतात आणि तो आवाज मऊ होतो, कोणीतरी खूप लांब चालत असल्यासारखा. तो मऊ झाला की पुन्हा नवी चिमूट. मला आता बघावंसुद्धा लागत नाही, कानानं कळतं. हे तू मला सांगितलं नव्हतंस.

पहिल्या आठवड्यात फोन शेजारी ठेवून घासलं. दर दोन मिनिटांनी हात पुसून बघायचो. हाताला चिखल, फोनला चिखल. चौथ्या दिवशी चार्जिंगची पिनच बसेना, आत पूड गेली होती. दुकानदार म्हणाला, ‘साहेब, फोन सिमेंटमध्ये पडला होता का?’ तेव्हापासून तो स्वयंपाकघरात ठेवतो, भांड्यांच्या मागे.

दोन अपघात सांगतो. एक, काच धुताना नळावर आपटली आणि कडेचा नखाएवढा टवका उडाला. दोन, आणि हा वाईट: तिसऱ्या डब्यावर होतो, सगळं कसं छान चाललेलं, आणि एकदम कर्रर्र आवाज. भरड पुडीचा एक दाणा माझ्या नखात राहिला होता. मधोमध ओरखडा पडलाय, बोटानं लागतो.

आता काय करू? पुढे जाऊ की पुन्हा पहिल्या डब्यापासून? खरं सांगायचं तर तिसरा रस्ताही दिसतोय आणि तो माळ्याकडे जातो.

तुझा,
फुलबाजा


२३ फेब्रुवारी

चि. फुलबाजास,

टवका उडाला तर उडू दे, कडेचं काही बिघडत नाही. ओरखडाही राहू दे. धुऊन पुढे जा. एका ओरखड्यानं चंद्र काही पडत नाही. मागे फिरलास तर दोन आठवडे जातील. हात चालव जरा. महिन्याअखेर चकाकीपर्यंत पोचायला हवास.

आत्या


१८ मार्च

प्रिय आत्या, सा. न.

तुझं पत्र वाचून गोंधळलो. अक्षर एवढं टपोरं, एका ओळीवर दुसरी चढलेली, आणि मजकूर चार ओळींचा. म्हटलं, ही माझी परीक्षा घेतेय. ‘पुढे जा’ म्हणते आणि कोण जातो ते बघते. म्हणून मी मुद्दाम पहिल्या डब्यापासून पुन्हा सुरुवात केली. नखं अगदी मुळापर्यंत कापली, ब्रशनं घासली, कपडे बदलले. दोन आठवडे गेले. ओरखडा गेला. मला इतका आनंद झाला की खालच्यांनासुद्धा बोलावून काच दाखवली. ते म्हणाले, ‘छान आहे, पण आता थांबणार ना?’

इथवर मी शहाणा होतो. इथून पुढचं ऐक.

चकाकी आली. काचेतून खिडकी दिसली, खिडकीत मी दिसलो. त्या संध्याकाळी मला राहवेना. पलंग भिंतीला उभा केला तेव्हा कुठे दहा फूट मिळाले. डबा लावला, ब्लेड लावलं. काच हातातून खाली ठेवून पाच मिनिटंही झाली नव्हती. बघतो तर मधोमध टेकडी! आणि मला वाटलं, आपल्याला सावली वाचता येते, आपण हुशार. टेकडी घासली. पुन्हा लगेच पाहिलं, अजून थोडी होती. पुन्हा घासली. तीन संध्याकाळी हेच. चौथ्या दिवशी सुट्टी होती, सकाळी उठल्याबरोबर थंड काच सहज पाहिली.

खड्डा. परातीएवढा खड्डा, आत्या. टेकडी कधी नव्हतीच. माझ्याच हाताची ऊब होती ती.

तू एकच नियम सांगितला होतास. मी तो पाठ म्हणून दाखवू शकलो असतो, आणि तोच मोडला. काच जुन्या कपड्यात गुंडाळली आणि माळ्यावर ठेवली, गिटारच्या शेजारी. काळी तार उरली, दुसरं काय.

तुझा,
(नाव तू ठेवलंसच आहे)


२७ मार्च

चि. फुलबाजास,

रडगाणं पुरे. काच खाली काढ. खड्डा एका संध्याकाळी भरून निघतो, कडेकडेनं दाबून घास. निवायची वाट बघत बसू नकोस, गरम असतानाच बघ आणि अंदाजानं थोडं सोडून दे. जमतं तसं. थोडं वाकडं राहिलं तरी चालेल. एप्रिलच्या मध्यापर्यंत पाठव.

आत्या


१६ एप्रिल

चि. फुलबाजास,

उत्तर नाही. मी रोज दाराशी जाऊन बघते. निदान ‘करत नाही’ एवढं तरी लिही.

आत्या


२४ एप्रिल

प्रिय आत्या, सा. न.

उशीर झाला, माफ कर. आरसा पाठवतोय. खड्डा भरला, सगळं नीट झालं. काचेवर चकचकीत धातूचा मुलामाही देऊनच आणलाय, म्हणजे तुला थेट नळीत बसवता येईल. चंद्र बघ आणि कळव.

तुझा,
फुलबाजा


६ मे

चि. फुलबाजास, आशीर्वाद.

आरसा मिळाला. मांडीवर घेतला आणि कडेवरून बोट फिरवलं. एकदा फिरवलं, दोनदा फिरवलं. गुळगुळीत. बाळा, तो नळावर आपटून उडालेला नखाएवढा टवका कुठे गेला? खोटं बोलणाऱ्याची आठवण दांडगी लागते, आणि तुझी फेब्रुवारीपर्यंतसुद्धा पोचत नाही. हा कारखान्यातला आरसा आहे. दोन दिवसांत आला असेल ना घरपोच?

आता तू मान खाली घातली असशील. वर कर. ओरडायला मी हे पत्र लिहीत नाहीये. मला ओरडायचा हक्कच नाही, तो का नाही ते सांगते.

टवका मी बोटानं शोधला, कारण डोळ्यानं तो मला दिसला नसता. माझ्या डाव्या डोळ्याचा मधला भाग गेल्या वर्षी गेला. समोर बघितलं की मधोमध करडा डाग, कडेकडेनं जग. उजव्याचंही तसंच सुरू झालंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थांबवता येणार नाही. किती दिवसांत ते सांगता येत नाही, वर्ष जाईल, कदाचित पावसाळ्याआधीच. हे मी नोव्हेंबरात ऐकलं. दादाला, वहिनीला, कोणाला सांगितलं नाही. पट्टी ठेवून लिहिते म्हणून ओळी तरी लागतात.

तर डिसेंबरात मी बेचाळिसावी काच घासायला घेतली. स्वतःसाठी. चांगली झाली होती रे. चकाकी आली त्या दिवशी मला वाटलं, उद्या नजर असेल-नसेल, आत्ताच बघते. मी! जिनं तीस वर्षं लोकांना ‘निवू द्या, निवू द्या’ म्हणून भंडावून सोडलं ती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान. टेकडी दिसली, घासली. पुन्हा दिसली, पुन्हा घासली. आठ दिवस. आणि नवव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की आता टेकडी आहे का खड्डा हेच मला दिसत नाही. काच उचलून मागच्या अंगणात नेऊन पुरली. कोणी मेल्यासारखी रडले.

मग जानेवारीत तुझं पत्र आलं. तुला शिकवायचं वगैरे काही माझ्या मनात नव्हतं. मला आरसा हवा होता, आणि तुझे दोन डोळे धड होते. ‘मला घाई नाही’ हे त्या पत्रातलं सगळ्यात मोठं खोटं. ‘ओरखडा राहू दे’, ‘गरमच बघ’ ही काही परीक्षा नव्हती. ती घाबरलेली बाई होती. तू मागे फिरून पहिला डबा उघडलास तेव्हा मी तुझ्यावर चिडले होते, आणि त्याच रात्री मला तुझा अभिमानही वाटला होता.

परवा तुझा विकतचा आरसा नळीत बसवला. छत्र्या बाहेर काढल्या. चंद्र पाहिला. बरा आहे आरसा, त्याला नावं ठेवणार नाही. दोन मिनिटं पाहिलं आणि आत आले. एवढी वर्षं जिची वाट पाहिली ती गोष्ट झाली, आणि मला काहीच वाटलं नाही. तहान नसताना पाणी प्यायल्यासारखं. पण झालं, काम झालं. आता तू त्या काचेमागे लागू नकोस. तुझा वेळ तुला.

तुझी,
आत्या


१३ मे

आत्या,

साष्टांग नमस्कार. आज अक्षरं पूर्ण लिहितोय.

पत्र वाचलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडलो. माझ्या चोरीबद्दल थोडं, तुझ्याबद्दल खूप. आरसा दोन नाही, दीड दिवसांत आला होता. खोकं उघडताना मस्त वाटलं. तुला पाठवायला पुन्हा बांधताना कारखान्याची चिठ्ठी फाडून टाकली.

तुझी परवानगी न घेता आईबाबांना सांगितलंय. बाबा निघालेच आहेत, पत्राच्या आधी पोचतील. तू त्यांच्यावर चिडणार हे त्यांना माहीत आहे, तयारीनं येताहेत.

आता माझं ऐक. आजपर्यंत तू मला ‘थांब’ म्हणत होतीस, आज मी तुला म्हणतो. थांब. काच माळ्यावरून काढली आहे. खड्डा एका संध्याकाळी भरणार नाही, हे तुलाही माहीत आहे. रोज पहाटे उठून आधी तपासतो, रात्रभर निवलेली असते ती. मग वीस मिनिटं घासतो, झाकतो आणि कामावर जातो. पुढची तपासणी दुसऱ्या पहाटे. दिवसाला एकच नजर. मधे कितीही हात शिवशिवले तरी नाही. काल खूप शिवशिवले. म्हणून आज पहाटेच्या तपासणीतच थंड काचेवर अंगठा दाबला, गळू आलं, आणि ते बसेपर्यंत नुसता बघत राहिलो. बावीस मिनिटं लागली. मी आयुष्यात बावीस मिनिटं एका गोष्टीकडे पाहिलेली ही पहिलीच वेळ असेल.

तू म्हणशील, चंद्र तर बघून झाला, आता कशाला? मला माहीत नाही. तुझ्या त्या दोन मिनिटांवर गोष्ट संपलेली मला चालणार नाही, एवढंच कळतं. नजर टिकेल की नाही हे माझ्या हातात नाही. घाई करून आरसा बिघडवणं तेवढं माझ्या हातात आहे, आणि ते मी करणार नाही. तू वाट बघशील का?

तुझा,
फुलबाजा


२२ मे

चि. फुलबाजास,

दादा आलाय. दोन दिवस भांडलो, तिसऱ्या दिवशी त्यानं माझ्या सगळ्या खोल्यांतले बल्ब बदलून मोठे लावले. आता घरात लग्न असल्यासारखा उजेड आहे.

बघते वाट. पण मला ते येत नाही, हे ध्यानात ठेव. मी चहासुद्धा उकळायच्या आधी गाळते.

आत्या


११ जुलै

प्रिय आत्या, साष्टांग नमस्कार.

खड्डा निम्मा उरलाय. दिवसाला इतका कमी होतो की आदल्या दिवशीपेक्षा फरक दिसतच नाही. पण रोज पहाटे कागदावर सावलीचं चित्र काढून ठेवतो, आणि आजच्याशेजारी पंधरा दिवसांपूर्वीचं ठेवलं की हायसं वाटतं. बासष्ट चित्रं झाली. एकही दिवस चुकला नाही, मलाच खरं वाटत नाही.

कामावरची एक गंमत. मी रस्ते आखताना जिने धरायला लागलो. पाचवा मजला असेल, लिफ्ट बंद असेल, तर पडद्यावर दहाऐवजी चौदा मिनिटं दिसतात. आमच्या साहेबांनी कपाळाला हात लावला: ‘लोक पळून जातील!’ महिनाभर थांबून मोजू या, असं मी म्हटलं. हे वाक्य माझ्या तोंडून आलं, आत्या! महिन्यानं मोजलं तर शंभरातले तीन गेले. बाकीच्यांना चौदा म्हणजे चौदा कळल्यावर काही वाटलंच नाही. साहेब म्हणाले, ‘बरं, असू दे तूर्त.’ तो बल्बवाला माणूस परवा जिन्यात भेटला. आता मधल्या मजल्यावर जरा टेकतो म्हणाला. मी हे त्याच्यासाठी केलं ते काही मला सांगता आलं नाही, नुसतंच पाणी विचारलं.

तुझं कसं आहे? खरं लिही.

तुझा,
फुलबाजा


१९ जुलै

चि. फुलबाजास,

खरं लिहिते. उजव्या डोळ्यासमोर डाग आलाय. नाण्याएवढा. अजून कडा धड आहेत. तू विचारलंस म्हणून सांगितलं, घाई कर म्हणून नाही. घाई केलीस तर बघ.

आत्या


३० ऑगस्ट

चि. बाळास,

पाकीट जाड आहे म्हणून घाबरू नकोस, बातमी थोडीच आहे. एका पानावर चारच ओळी मावतात हल्ली. हे पत्र लिहायला मला पाच दिवस लागलेत, तेव्हा दुप्पट वेगानं वाचायचं नाही.

गेल्या आठवड्यात तू तुझा आरसा घेऊन आलास आणि निघताना म्हणालास, ‘आत्या, तू नुसतं हं म्हणालीस, नीट दिसलं का ते सांगितलंच नाहीस.’ बस तुझ्यासमोर उभी होती, गर्दी होती, सांगता आलं नाही. त्या ‘हं’मध्ये काय होतं ते आता सांगते.

पहिल्यापासून घे. दुपारी तू तो आरसा माझ्या हातात दिलास. मी आधी टवका शोधला, तू हसलास. मग मी त्यावर अंगठा दाबला, तू ब्लेडमागे बसलास आणि मला सांगत राहिलास: ‘आता फुगवटा आलाय. गोल आहे. उजवीकडून उतरतोय. आता पुसट. आता गेला. आता सगळं सपाट, सावली सगळीकडे एकदम येते.’ चाळीस वर्षं हे मी एकटीनं पाहिलं. कोणी मला ते वाचून दाखवेल असं कधी वाटलं नव्हतं. त्या वेळी मी चष्मा पुसायला आत गेले, तो चष्मा काही खराब झालेला नव्हता.

मग संध्याकाळ. नळी गच्चीवर नेलीस. मी लगेच वाकायला गेले तर तू मला खांद्याला धरून खुर्चीत बसवलंस. ‘घरातली ऊब आहे आरशात. बाहेरच्या हवेइतका निवू दे. चाळीस मिनिटं.’ मला! अरे, हे तर मी जगाला शिकवलेलं. मी चडफडले. मग बसले. आपण काय बोललो आठवतंय? काही विशेष नाही. दादानं लहानपणी माझा अंगठा दारात चिमटवला होता ते. तुझ्या खालच्यांचं. उजेड कमी होत गेला, समोरच्या गच्चीवरच्या बाईनं कपडे काढून नेले. तुझा फोन कुठे होता मला माहीत नाही, तूही विचारला नाहीस. पोरा, गेल्या वर्षभरातली माझी सगळ्यात चांगली चाळीस मिनिटं ती. नुसतं तेवढंच झालं असतं तरी मी तक्रार केली नसती.

मग मी डोळा लावला. काहीच नव्हतं. जिथे चंद्र असायला हवा तिथे करडा डाग. बरोब्बर मधोमध, झाकण ठेवल्यासारखा. तू मागे श्वास धरून उभा होतास, मला ऐकू येत होता तो न घेतलेला श्वास. ‘वा, छान’ असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. खोटं अगदी जिभेवर आलं होतं.

आणि तू काही विचारलं नाहीस. ‘दिसलं का’ नाही, ‘काय दिसतं’ नाही. म्हणून मीही थांबले. तेव्हा आठवलं. अंधुक तारा बघायचा असेल तर त्याच्याकडे बघू नका, त्याच्या शेजारी बघा, हे मीच शाळेतल्या पोरांना शिकवते. नजर बाजूला नेली, जिथे काही नाही तिथे. आणि धरून ठेवली. डोळा सारखा मधे पळायचा, सवयच ना, पुन्हा बाजूला आणला. किती वेळ गेला कोण जाणे. मग डागाच्या कडेनं चंद्र आला. आधी नुसता पांढरा, मग त्याची ती उजेड-अंधाराची वाकडी रेघ, आणि रेघेवर खड्ड्यांच्या कडा, एकेक वेगळी, दातेरी. आणि रेघेच्या पलीकडे, पार अंधारात, दोन सुटे ठिपके. ते डोंगराचे माथे, बाळा. खाली रात्र आणि माथ्यावर ऊन पडलेलं. मी ते इतरांच्या दुर्बिणीतून शंभरदा पाहिलेत. पण असे पहिल्यांदा. तेव्हा मी ‘हं’ म्हणाले. त्यापेक्षा जास्त काही म्हणायला गेले असते तर रडले असते, आणि डोळ्यात पाणी आलं की उरलंसुरलंही दिसत नाही.

तू तोवर पाच-सहा मिनिटं तरी गप्प उभा होतास. काळी तार म्हणे!

आता कामाचं. इथल्या शाळेच्या बाई आल्या होत्या. त्यांना दुर्बिणीसाठी आरसा हवाय, मुलं मागे लागलीत, लगेच हवाय. मी म्हटलं, घ्या, आहे. तुझा तो दीड दिवसातला आरसा त्यांना दिला. मला आधी वाटलं होतं, पोरांना आठ महिने थांबवावं, धडा शिकतील. मग म्हटलं, कशाला? त्यांना आज चंद्र बघू दे. थांबायला शिकायला आयुष्य पडलंय, आणि एकदा बघितल्याशिवाय कोणाला थांबावंसं वाटतं? त्यांच्यातली एक मुलगी मात्र विचारत होती, ‘आरसा करतात कसा?’ तिला सांगितलंय, माझा भाचा येईल तेव्हा विचार. आणखी सहा डबे आणि दोन काचा माझ्याकडे आहेत.

तेवीस सप्टेंबरला पुन्हा अर्धा चंद्र आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, तोवर कडा टिकतीलही, सांगता येत नाही. नाही टिकल्या तर तू बघ आणि मला सांग, सावली सांगितलीस तशी. मला ते चालतं, हे आता कळलंय.

येताना एक बल्ब घेऊन ये. जिन्यातला गेलाय. पण आणशील तेव्हा आण. घाई नाही.

तुझी,
आत्या